रहीम आणि आपला कुंडी भंडारा

हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण पाठ करतो ते रहीम म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना. त्यांचा जन्म १५५६ मध्ये लाहोरला झाला. अवघ्या चौथ्या वर्षी वडील बैरामखान मारले गेले. अकबराने पोरक्या मुलाला दरबारात वाढविले. पुढे ते सेनापती झाले. १५८९ मध्ये त्यांनी ‘बाबरनामा’ तुर्कीतून फारसीत आणला. दक्खनच्या मोहिमांमुळे त्यांची बरीच वर्षे बुऱ्हाणपुरातच गेली.

फौजेने गजबजलेल्या शहराला शुद्ध पाणी हवे होते. १६१५ च्या सुमारास, रहीम येथे सुभेदार असताना, इराणी जाणकाराच्या मदतीने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडविण्यात आले. शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने जोडल्या. ना मोट, ना रहाट. पाणी केवळ उताराने शहरात येई. वरून पाहावे तर साध्या विहिरींचे कठडे! कित्येकजण शेजारून जातात, पण त्यांना पत्ताही लागत नाही. पालकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे, मात्र कुंडीत खडे टाकू देऊ नयेत.

१६१९ मध्ये थोरला मुलगा शाहनवाजखान गेला. त्याचा मकबरा उतावली नदीकाठी आहे. रहीम १६२७ मध्ये वारले. दिल्लीला, पत्नीसाठी स्वतः बांधलेल्या मकबऱ्यात त्यांचे दफन झाले.