मैदान आणि ऊन, एवढ्यावर पोरं घडवणारा औंधचा राजा

कुंडल : पलूस तालुक्यातलं कुंडल एके काळी औंध संस्थानात होतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचं गुणदाळ असे संस्थानाचे चार तालुके. मुलूख विखुरलेला, बराचसा दुष्काळी, तिजोरीही बेताची. अशा संस्थानाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळेतल्या पोरांच्या तब्येतीचा प्रश्न पैशाशिवाय सोडवून दाखवला.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकला आणि कीर्तन या दोन्हींत त्यांना गती होती. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

व्यायामाची आवड तरुणपणापासूनच. त्या काळी सँडो या युरोपातल्या पहिलवानाचं नाव गाजत होतं. बाळासाहेबांनीही त्याच्या पद्धतीचा व्यायाम कित्येक वर्षं केला. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर त्यालाच धरून राहिले. डंबेल्स शेतकऱ्याच्या पोराला कुठून मिळणार? नमस्काराला अंगाएवढी जागा पुरते. हात, पाय, पाठ, पोट, छाती सगळ्याला ताण बसतो, श्वास लागतो आणि सकाळचं ऊन फुकट मिळतं. घरच्या बायकापोरांनाही त्यांनी नमस्कार घालायला लावले. संस्थानातल्या शाळांत तर ते सक्तीचेच केले. त्यावर त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. इंग्लंडच्या वाचकांपर्यंतही हा व्यायाम पोचला.

मोकळ्या जागेची किंमत राजाला ठाऊक होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैद्यांना भिंतीआड न कोंडता उघड्यावर शेती करायला दिली. माणूस मोकळ्या रानात सुधारतो, यावर राजाचा भरवसा होता.

त्याच साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. महात्मा गांधींच्या सल्ल्यानं राज्यघटना झाली, गावोगावी निवडून आलेल्या पंचायती आल्या. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५१ मध्ये बाळासाहेब गेले.

कुंडलमध्ये मोकळ्या मैदानाची ओढ आजही दिसते. इथलं कुस्ती मैदान महाराष्ट्रभर माहीत आहे. त्याला ना छप्पर, ना खुर्च्या. खाली तांबड्या मातीचा आखाडा आणि डोंगराचा उतार हीच गॅलरी. लहान पोरं मोठ्यांच्या पायांमधून वाट काढत पुढं जाऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी रानात एकमेकांना चितपट करतात.

पण रोजच्या खेळाचं काय? बऱ्याच गावांत शाळेपुढची जागा फरशीनं झाकली गेली, पडीक जागेवर गाळे आले. लोखंडी व्यायामसाधनं बसवली, त्यातली कित्येक उन्हापावसात गंजली. पोरं मोबाईलवर. वडाच्या पारंब्या, मातीचा ढीग, ओढ्याकाठची वाळू, सूरपारंब्या आणि विटीदांडू यांना निविदा लागत नाही. लागते ती फक्त कुणी न बळकावलेली जागा आणि कडेला चार झाडं.

बाळासाहेबांनी गावाचा कारभार गावाकडंच दिला होता. आज ग्रामसभेच्या हातीही अधिकार आहेत. रस्ता, गटार, सभामंडप यांचे ठराव होतात, तसा पोरांच्या मैदानाचाही एक ठराव होऊन जागेची मोजणी व्हायला हवी. अतिक्रमण एकदा बसलं की ते उठवणं अवघड. जागा मोकळी आहे तोवरच राखली, तर पुढच्या पिढीला खेळायला माती राहील.