ऑडेन : एक कवी, दोन देश

साहित्य पुरस्कारासाठी लेखकाचे नागरिकत्व पाहावे की केवळ त्याचे लेखन, हा वाद जुनाच आहे. विस्टन ह्यू ऑडेन या श्रेष्ठ इंग्रजी कवीला या नियमांचा लाभही झाला आणि त्यांची झळही बसली.

ऑडेन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९०७ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १९३० मध्ये त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीतच ते आपल्या पिढीचे अग्रणी कवी ठरले. १९३७ मध्ये राजाचे काव्य-सुवर्णपदकही त्यांना प्रदान करण्यात आले. नागरिकत्वाचे मोल ते जाणून होते. थॉमस मान यांची कन्या एरिका यांचे जर्मन नागरिकत्व नाझी राजवट हिरावून घेणार, हे दिसताच १९३५ मध्ये ऑडेन यांनी त्यांच्याशी विवाह केला. हेतू एकच, त्यांना ब्रिटिश पासपोर्ट मिळावा.

जानेवारी १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले आणि मायदेशाकडे पाठ फिरवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. ब्रिटिश पार्लमेंटमध्येही त्याचे पडसाद उमटले. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकी नागरिकत्व स्वीकारले आणि १९४८ मध्ये, अमेरिकी कवींसाठी असलेले पुलित्झर पारितोषिक ‘द एज ऑफ अँग्झायटी’ या दीर्घकाव्यासाठी त्यांना मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत जन्मलेले आणि १९२७ मध्ये ब्रिटिश नागरिक झालेले टी. एस. एलियट नोबेलचे मानकरी ठरले. नोबेलला मात्र नागरिकत्वाची अट नव्हती.

१९५६ मध्ये ऑक्सफर्डने ऑडेन यांना काव्याचे प्राध्यापक म्हणून निवडले. परंतु १९६७ मध्ये जॉन मेसफिल्ड यांच्या निधनाने इंग्लंडचे राजकविपद रिकामे झाले, तेव्हा ते सेसिल डे-लुईस यांच्याकडे गेले. ऑडेन यांच्या आड अमेरिकी नागरिकत्व आले, असे मानले जाते. २९ सप्टेंबर १९७३ रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्यांच्या नावाची स्मृतिशिला बसवण्यात आली.

बुकर पारितोषिकाने २०१४ पासून राष्ट्रीयत्वाची अट काढली. पुलित्झरनेही २०२५ च्या पारितोषिकांपासून, अमेरिकेत दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या परदेशी साहित्यिकांना दार उघडले. आपल्या मातीतील लेखकांना हक्काचे स्थान मिळावे, ही अटीमागची भूमिका गैर नाही. पण ज्या देशाचे जीवन कवी जगतो आणि शब्दांत मांडतो, त्या देशाने केवळ कागदासाठी त्याला परका मानावे काय? ऑडेन यांच्यानंतर अर्धशतकाने का होईना, नियम या प्रश्नाला उत्तर देऊ लागले आहेत.