कोबाल्टचा हिशेब

बँकेत असताना संध्याकाळच्या जुळणीत दोन रुपयांचा फरक राहिला, तरी कुणी घरी जात नसे. रक्कम क्षुल्लक असे; पण कुठेतरी आपली नजर चुकली आहे, हे त्यातून कळे. आल्फ्रेड वेर्नरचे चरित्र वाचताना त्या संध्याकाळी आठवतात.

वेर्नरचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजी अल्सासमधल्या म्युलूझ गावी, एका कामगाराच्या घरी झाला. तो चार वर्षांचा असताना, १८७१ मध्ये अल्सास फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. घरच्यांचा ओढा फ्रान्सकडेच राहिला. वेर्नरने मात्र पुढे लिहिले ते जर्मनमध्ये. १८९० मध्ये झुरिचला त्याने डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी कोबाल्टच्या संयुगांचा हिशेब कुणाला जुळत नव्हता. कोबाल्ट, तीन क्लोरीन आणि सोबत अमोनिया. अमोनिया सहा असले, तर सिल्व्हर नायट्रेट घालताच तिन्ही क्लोरीन साक्याच्या रूपाने खाली बसत. अमोनिया पाच असले तर दोनच क्लोरीन, चार असले तर एकच. उरलेले जात कुठे?

कोपनहेगनचे योर्गेनसेन हे या विषयातले अधिकारी पुरुष. अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात, असे ते मानत. वेर्नरला एका रात्री दोनच्या सुमारास जाग आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तो लिहीत राहिला, असे सांगतात. धातूभोवती सहा जागा असतात. एक अमोनिया उठला की एक क्लोरीन तिथे येऊन बसतो, आणि आत बसलेला क्लोरीन सहजी हाती लागत नाही, हा त्याचा सिद्धांत. तो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वेर्नर सव्वीस वर्षांचा होता. आणि आधार होता तो बराचसा योर्गेनसेन यांच्याच काटेकोर प्रयोगांचा!

या सहा जागा अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर असतील, तर चार अमोनियांच्या संयुगाची दोन रूपे हवीत: दोन क्लोरीन समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी. हिरवे रूप ठाऊक होते. जांभळे कुठे होते? विरोधकांचा हा प्रश्न रास्त होता. वेर्नरच्या विद्यार्थ्यांनी तळघरातल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत वर्षामागून वर्षे घालवली. १९०७ मध्ये जांभळे रूप हाती आले आणि योर्गेनसेन यांनी हार मान्य केली. असा प्रतिपक्ष लाभणे हेही भाग्यच.

१९१३ मध्ये वेर्नरला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आजाराने शरीर आणि बुद्धी दोन्ही पोखरली. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी, त्रेपन्नावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो झुरिचला वारला. त्याच वर्षी अल्सास पुन्हा फ्रान्सचा झाला होता.

आज रसायनशास्त्रज्ञ तांबे, जस्त, कोबाल्ट यांना फॉस्फोनेटच्या दुव्यांनी जोडतात. फॉस्फोनेटच्या टोकाशी ऑक्सिजनचे तीन अणू असतात. त्यांतला प्रत्येक जण वेगळ्या धातूचा हात धरू शकतो. त्यातून साखळ्या होतात, थर होतात, जाळ्या होतात. धातू आणि सेंद्रिय दुव्यांच्या सच्छिद्र चौकटींना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या सगळ्या इमारतींत धातूभोवतीच्या जागा मोजायच्या त्या वेर्नरच्याच रीतीने.

योर्गेनसेनची खातेवही चोख होती. वेर्नरने फक्त ती वेगळ्या नजरेने वाचली, आणि मग चौदा वर्षे पुराव्याची वाट पाहिली.