गोठ्यात विज्ञान आणणारे मणिभाई देसाई

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे तालुके पर्जन्यछायेचे. येथे जमीन आहे, पण पावसाचा भरवसा नाही. ज्या वर्षी ज्वारी हातची जाते त्या वर्षी घर चालते ते दुधावर. पहाटे डेअरीत दूध घालून येणाऱ्या स्त्रीच्या हाती दहा दिवसांनी जे बिल पडते, त्यावर किराणा, मुलांची फी आणि सोसायटीचा हप्ता अवलंबून असतो. आमच्या धर्मप्रांतात मोडणाऱ्या या दोन जिल्ह्यांतील गोठ्यांत आज काळ्या-पांढऱ्या संकरित गाई सर्रास दिसतात. त्या येथवर येण्यामागे ज्या मोजक्या माणसांचे आयुष्यभराचे श्रम आहेत, त्यांत मणिभाई देसाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते ना साताऱ्याचे होते ना सांगलीचे. जन्माने महाराष्ट्रीयही नव्हते. पशुवैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही पश्चिम महाराष्ट्रातील जनावरांच्या प्रजननाचा आणि आरोग्याचा विचार त्यांना वगळून करता येत नाही.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. सुरतेत त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. १९४२ च्या चळवळीत ते उतरले, तुरुंगवास भोगला आणि पुढे गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला दाखल झाले. त्या सुमारास गांधीजींच्या मनात निसर्गोपचाराचे केंद्र काढण्याचा विचार घोळत होता. पुणे शहरात असे केंद्र काढले तर गरिबांपर्यंत ते पोहोचणार नाही असे त्यांना वाटू लागले, म्हणून एखादे खेडे शोधावे असे ठरले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील उरुळी कांचनची निवड झाली आणि मार्च १९४६ मध्ये गांधीजी तेथे काही दिवस राहिले. ते निघून गेल्यावर तेथे कायमचे कोण राहणार, हा प्रश्न होता. २६ वर्षांच्या मणिभाईंनी आपले उर्वरित आयुष्य या गावाला देण्याचे व्रत घेतले. ते अविवाहित राहिले आणि व्रत अखेरपर्यंत पाळले. व्रत घेताना मनात उत्साह असतो. तेच व्रत पुढची ४७ वर्षे निभावणे किती कठीण असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. कारण ज्यांच्या साक्षीने ते घेतले ते गांधीजी तर दोन वर्षांच्या आतच गेले.

आश्रमात येणारे रुग्ण माती, पाणी आणि आहार यांच्या उपचारांनी बरे होत. परंतु घरी परतल्यावर त्यांच्या ताटात पुन्हा तेच अपुरे अन्न असे. दारिद्र्य हाच मूळ रोग आहे हे मणिभाईंच्या ध्यानात आले. आश्रमासाठी दूध हवे म्हणून त्यांनी गीर गाई पाळल्या. येथे त्यांच्या स्वभावातला विज्ञानाचा विद्यार्थी जागा झाला. कोणत्या गाईने कोणत्या वेतात किती दूध दिले, ती माजावर केव्हा आली, दोन वेतांत किती अंतर पडले, तिच्या कालवडी कशा निघाल्या, या सर्व नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. उत्तम तेवढे निवडून पुढे वाढवायचे, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला आणि उरुळीच्या गीर कळपाने देशभर नाव मिळविले. आमच्या मते मणिभाईंच्या साऱ्या पुढील कार्याचे बीज या नोंदवहीत आहे.

मात्र एका आश्रमाचा कळप सुधारल्याने खेड्यातील शेतकऱ्याच्या दारची गाय बदलत नाही. ती गावठी गाय चार-पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा वेत, दिवसाला लीटर-दोन लीटर दूध देई आणि मग बराच काळ भाकड राही. अशा गाईला पोटभर वैरण घालणे गरिबाला परवडत नसे, म्हणून ती अर्धपोटी राही आणि अर्धपोटी जनावर लवकर रोगाला बळी पडे. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या विदेशी जातींशी संकर केल्यास कालवड अडीच-तीन वर्षांत वेते आणि दूध कितीतरी पटींनी वाढते, हे प्रयोगांनी दिसू लागले होते. १९६७ साली मणिभाईंनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आज सर्वांना ठाऊक असलेली ‘बाएफ’, ही संस्था उभी केली. गांधीजींच्या शिष्याने देशी गाईला परदेशी वळूचे रेत द्यावे, हे अनेकांना रुचणे शक्य नव्हते. मणिभाईंचे उत्तर त्यांच्या कामात होते: ज्या गाईपासून मालकाला दोन पैसे मिळतात तिलाच पोटभर चारा मिळतो.

या कामाचा शास्त्रीय पाया इंग्लंडमधील एका शोधात होता. ग्लिसरीन मिसळल्यास प्राण्यांचे रेत गोठवूनही जिवंत राहते, हे तेथील संशोधकांनी १९४९ साली दाखवून दिले. अशा गोठित रेताच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतात. मणिभाईंनी ही सोय शेतकऱ्याच्या दारी नेली. माजावर आलेली गाय मैलोन् मैल चालवत दवाखान्यात न्यावी तर माजाची वेळ टळते आणि एक वेत वाया जाते. त्याऐवजी संस्थेचा प्रशिक्षित तंत्रज्ञच नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला बांधून गोठ्यापर्यंत जाऊ लागला. एका केंद्राकडे दहा-पंधरा गावे असत. सहकारी साखर कारखान्यांनी आपापल्या परिसरात ही केंद्रे चालविण्यास साहाय्य केले.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गावात सर्व गाईंना मिळून एकच वळू असे आणि त्याच्यामार्फत सांसर्गिक गर्भपातासारखे रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात जात. तपासलेल्या, निरोगी वळूंचे रेत वापरल्याने हा मार्गच बंद होतो. कृत्रिम रेतन हे अशा रीतीने दुधाइतकेच आरोग्याचेही साधन ठरले.

पण संकरित गाय नाजूक. लाळ-खुरकूत झालेली गावठी गाय पुष्कळदा सावरते. संकरित गाय मात्र दूध गमावून बसते. गोचिडांमुळे होणारा थायलेरियाचा ताप आणि कासेचा दाह हेही तिच्या मागे अधिक लागतात. नुसती जात बदलून भागणार नाही, लस, चारा आणि उपचार यांची जोड हवी, हे ओळखून संस्थेने पुण्याजवळ वाघोली येथे लाळ-खुरकताची लस तयार करण्याचे काम हाती घेतले. कोरडवाहू भागात हिरवा चारा मिळावा म्हणून सुबाभळीच्या लागवडीचाही मणिभाईंनी आग्रह धरला.

त्यांना १९६८ साली पद्मश्री आणि १९८२ साली लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मॅगसेसे पुरस्कार देताना गांधीजींना दिलेल्या शब्दाच्या पूर्ततेचा आवर्जून उल्लेख झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९८८ साली, सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे शासनाचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याला नाव आहे सांगली जिल्ह्यातील येडेमच्छिंद्रचे सुपुत्र क्रांतिसिंह नाना पाटील यांचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले. जुळ्यांच्या या जनुकासाठी मात्र विदेशी रक्ताची गरज लागली नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा शेळ्यांच्या देवीवरील लस गाईंना टोचण्याची मोहीम गावोगाव राबवावी लागली.

संकरीकरणाची किंमतही आमच्या शेतकऱ्यांनी मोजली आहे, आणि मणिभाईंचे चरित्र सांगताना ती लपविणे योग्य होणार नाही. माणदेशाचा अभिमान असलेला खिलार बैल उन्हात न थकता चालतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरते, त्यावर जू नीट बसत नाही, आणि ऊनही त्याला सोसत नाही. त्यात ट्रॅक्टर आला. नको असलेला गोऱ्हा पोसायचा कोणी आणि कसा, या प्रश्नाने अनेक कुटुंबे हैराण होतात. २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने तो प्रश्न अधिकच बिकट झाला. आता उरुळी कांचनला मणिभाईंच्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत लिंगनिश्चित रेत तयार होते. त्याच्या वापराने दहापैकी नऊ वेळा कालवड होते, असे सांगितले जाते. साध्या कांडीपेक्षा ही कांडी महाग पडते, म्हणून घरी एकच गाय असलेल्या शेतकऱ्याला ती परवडेल अशा दरात मिळावी, यासाठी अनुदानाच्या योजना आखल्या जात आहेत.