महावैद्य जीवक आणि तथागतांच्या पायाची पट्टी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कुणाचे चरित्र लिहावे, याचा आम्ही बराच विचार केला. तथागतांच्या उपासकांपैकी अनाथपिंडिकाचे दान सगळ्यांना ठाऊक आहे, विशाखेचे नाव घरोघरी आहे. जीवकाविषयी मात्र बहुतेकांना एवढेच माहीत असते की तो बुद्धांचा वैद्य होता. त्याने काय केले, कसे केले, हे फारसे कुणी सांगत नाही. आपला जालना म्हणजे सळईच्या मिलांचे गाव. कुणी भट्टीपुढं, कुणी जिनिंगमध्ये, कुणी मोंढ्यात हमालीला. पायाला लागलं म्हणून महिना-महिना घरी बसलेला माणूस आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतो. अशा वस्तीने जीवकाचे चरित्र वाचले पाहिजे, असे आम्हाला वाटते. आम्ही काही पालीचे पंडित नाही. ड्युटी सुटल्यावर जे वाचले आणि वर्षावासात भन्तेजींना विचारून जे समजले, तेवढे इथे मांडतो.

जीवकाचा जन्म मगधाची राजधानी राजगृह येथे, बिंबिसार राजाच्या काळात झाला. म्हणजे गोष्ट सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्याची आई सालवती ही त्या नगरीची गणिका. विनयपिटकाच्या महावग्गात लिहिले आहे की मूल जन्मताच तिने ते दासीकडून सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. बिंबिसाराचा मुलगा राजकुमार अभय त्या वाटेने चालला होता. उकिरड्यावर कावळे जमलेले पाहून त्याने विचारपूस केली. लोक म्हणाले, मूल आहे आणि जिवंत आहे. जिवंत आहे म्हणून त्याचे नाव जीवक पडले आणि राजकुमाराने वाढवला म्हणून कोमारभच्च. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात थोरांच्या धम्मदीक्षेचा भाग आहे. त्यात राजा बिंबिसार आहे, अनाथपिंडिक आहे आणि त्यांच्या बरोबरीने हा उकिरड्यावर टाकलेला जीवकही आहे. जन्मावरून माणसाची किंमत करणाऱ्यांना याहून दुसरे उत्तर कशाला पाहिजे?

जाणता झाल्यावर जीवकाला कळले की आपल्याला आई नाही, बाप नाही आणि हाताला काही कसब असल्याशिवाय राजवाड्यातही कुणी कायमचे पोसत नाही. तो कुणाला न सांगता निघाला आणि थेट तक्षशिलेला पोहोचला. ही नगरी आज पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ आहे. तिथल्या नामांकित वैद्याकडे तो सात वर्षे शिकला. शिक्षण कधी संपणार असे विचारल्यावर गुरूने त्याच्या हाती कुदळी दिली आणि तक्षशिलेच्या चारी बाजूंना योजनभर फिरून जी वनस्पती औषधाची नाही, ती घेऊन यायला सांगितले. जीवक सगळीकडे फिरून रिकाम्या हाताने परत आला. औषधाची नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. गुरूने ओळखले, हा शिकला.

परतीच्या वाटेवर साकेत नगरीत त्याच्याजवळची शिदोरी संपली. तिथल्या एका श्रेष्ठीच्या बायकोचे डोके सात वर्षांपासून दुखत होते. मोठमोठे वैद्य येऊन पैसे घेऊन गेले होते. हा पोरगेला वैद्य काय करणार, असे तिला वाटले. जीवकाने निरोप पाठवला की आधी काही देऊ नका, बरे वाटले तर काय द्यायचे ते द्या. औषध घालून कढवलेले तूप त्याने तिच्या नाकातून दिले. ते तोंडात उतरल्यावर तिने भांड्यात थुंकले आणि दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले. जीवक घाबरला. थुंकलेले तूप जपणारी बाई आपल्याला काय देणार! तिने समजावले की संसारी माणसाला काटकसर कळते. हे तूप नोकरांच्या पायाला चोळायला नाही तर दिव्याला होईल. ती बरी झाली आणि त्या घराने त्याला सोळा हजार नाणी दिली. ही पहिली कमाई त्याने राजकुमार अभयापुढे नेऊन ठेवली. राजकुमाराने ती घेतली नाही. पुढे जीवकाने राजा बिंबिसाराचे भगंदर बरे केले आणि राजाने त्याला आपला, अंतःपुराचा आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाचा वैद्य नेमले.

आता राजगृहाच्या श्रेष्ठीची हकीकत ऐका. त्यालाही सात वर्षांचा डोक्याचा आजार. वैद्यांनी आशा सोडली होती. जीवकाने शस्त्रक्रिया करण्याआधी त्याला तीन गोष्टी कबूल करायला लावल्या. एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहायचे. श्रेष्ठीने मान डोलावली. जीवकाने त्याला खाटेला बांधून डोक्याची कातडी कापली, आतले दोन किडे बाहेर काढून दाखवले, कातडी शिवली आणि लेप लावला. पण श्रेष्ठीला एका कुशीवर सात दिवसच निघाले. दुसऱ्या कुशीवरही सात आणि उताणे सात. तेव्हा जीवकाने खरे सांगितले. एकवीस दिवसांत तू बरा होणार हे मला आधीच माहीत होते. सात महिने म्हटले म्हणून तू सात दिवस तरी पडलास. नाही तर तेवढाही पडला नसतास. त्याला औषध जसे कळत होते, तसा रोगी माणूसही कळत होता. कापणे एका दिवसाचे, बरे होणे अनेक दिवसांचे, ही त्याच्या वैद्यकीची पहिली शिकवण.

काशीच्या श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून आतड्याचा पीळ त्याने सोडवला. उज्जैनीचा राजा पज्जोत पांडुरोगाने आजारी होता आणि त्याला तुपाचा तिटकारा होता. तुपाशिवाय औषध होईना. जीवकाने काढ्याच्या रंगा-चवीचे करून त्याला तूप पाजले आणि राजाचा राग ओळखून हत्तिणीवर बसून पळ काढला. राजा बरा झाल्यावर त्याने सिवेय्यक नावाचे अत्यंत मोलाचे वस्त्र जीवकाला पाठवले. जीवकाने ते अंगावर घातले नाही, तथागतांना दिले आणि वर मागितला की गृहस्थांनी दिलेले चीवर भिक्खूंना घेता यावे. तोवर भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर वापरत. आज आपल्या आयाबहिणी श्रद्धेने चीवरदान करतात, त्याची सुरुवात जीवकाच्या या मागणीपासून आहे. उपासकांच्या दानाची ही परंपरा आपल्या जिल्ह्यातही जुनी आहे. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या भोगवर्धनच्या लोकांची नावे तिथल्या दगडावर कोरलेली आहेत.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. तथागत वृद्ध झाले होते. संघ आपल्या ताब्यात यावा म्हणून देवदत्त त्यांच्यावर टपून होता. तथागत गृध्रकूट पर्वताच्या सावलीत चंक्रमण करीत असताना देवदत्ताने वरून मोठी शिळा ढकलली. शिळा मध्येच अडली, पण तिची कपची उडून तथागतांच्या पायावर बसली आणि रक्त निघाले. वेदना फार होत्या. संयुत्त निकायात सांगितले आहे की तथागतांनी त्या वेदना न कण्हता, जागरूक राहून सहन केल्या आणि पायावर पाय ठेवून ते उजव्या कुशीवर पडून राहिले. भिक्खूंनी त्यांना डोलीतून मद्दकुच्छीच्या वनात नेले आणि तिथून जीवकाच्या आंबराईत आणले. ही आंबराई जीवकाने संघाला दान दिलेली होती.

अट्ठकथांमध्ये असे आहे की जीवकाने भगवंतांच्या संमतीने पायाची कातडी शस्त्राने कापली, साचलेले दूषित रक्त काढून टाकले आणि पाय बरा केला. तिथे एक मोठा प्रश्न उभा केला आहे. तथागतांच्या अंगातून रक्त काढणे हे आईबापाच्या हत्येइतके घोर पाप मानले गेले. मग जीवकानेही रक्त काढलेच की! उत्तर सरळ आहे. देवदत्ताच्या मनात द्वेष होता, जीवकाच्या मनात दुखणे दूर करण्याची इच्छा होती. म्हणून एकाचे घोर पाप झाले, दुसऱ्याचे मोठे पुण्य झाले. पाय तोच, रक्त तेच. कर्माची पारख चेतनेवरून करायची, हे धम्माचे तत्त्व याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पट्टीची हकीकत आहे. जीवकाने जखमेवर जालीम औषध लावून पट्टी बांधली. नगरात दुसरा एक रोगी त्याची वाट पाहत होता. आपण परत येईपर्यंत पट्टी तशीच राहू द्यावी, असे सांगून तो गेला. काम आटोपून परत फिरला तर वेशीचे दरवाजे बंद झालेले. जीवकाच्या पोटात गोळा आला. औषध जालीम आहे, पट्टी सोडायची वेळ हीच आहे, वेळेवर सुटली नाही तर रात्रभर अंगाची आग होईल, या घोराने तो तळमळत राहिला. इकडे आंबराईत तथागतांनी आनंदाला जवळ बोलावले आणि पट्टी सोडायला सांगितले. आनंदाने ती सोडली. झाडाची साल सुटावी तशी जखम सुटून पाय बरा झाला होता. पहाटेच जीवक धावत आला आणि रात्री दाह झाला का, असे त्याने विचारले. तथागतांनी सांगितले की माझा सगळा दाह बोधिवृक्षाखालीच शमला आहे.

अट्ठकथाकार म्हणतात की तथागतांनी जीवकाच्या मनातले ओळखले. आम्ही ह्यात चमत्कार शोधत नाही. आम्हाला इथे तीन माणसे दिसतात. पट्टी बांधून गेल्यावरही ती सोडण्याच्या वेळेची काळजी वाहणारा वैद्य. आपल्या दुखण्यावर लक्ष ठेवून वेळ ओळखणारा आणि वेदनेने न खचणारा रोगी. आणि सांगितले तसे, सांगितल्या वेळी करणारा आनंदासारखा सोबती. तिघांपैकी एक चुकला असता तरी तोच पाय चिघळला असता. विनयात चांगल्या रोग्याचे पाच गुण सांगितले आहेत. पथ्य पाळणे, पथ्यातही प्रमाण ठेवणे, औषध घेणे, दुखणे वाढले की कमी झाले ते शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगणे आणि वेदना सोसणे. शुश्रूषा करणाऱ्याचेही पाच आहेत. औषध तयार करता येणे, काय द्यावे काय देऊ नये ते कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, घाण काढायला न किळसणे आणि चार धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याला धीर देणे.

हे गुण आपल्या वस्तीला लावून पाहा. आमच्या ओळखीच्या एका ठेक्यावरच्या कामगाराच्या पायाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी पाय उशीवर उंच ठेवून पडून राहायला सांगितले होते. पण पडून राहिल्याचा पगार कोण देतो? आठव्या दिवशी तो पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून कामावर गेला. घामाने पट्टी आत भिजली, वास येऊ लागला तरी त्याने घरात सांगितले नाही. शेवटी दोन बोटे काढावी लागली. ह्यात एकट्या त्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या घरात पंधरा दिवसांचे धान्य पोहोचवले असते तर तो पडून राहिला असता. जीवकाने श्रेष्ठीला युक्तीने एकवीस दिवस झोपवले. मजुराला झोपवायचे तर युक्ती पुरत नाही, त्याची चूल पेटती ठेवावी लागते.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवू. पट्टी केव्हा सोडायची, टाके केव्हा काढायचे, ते डॉक्टर ठरवतील. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी दवाखाना चुकवू नये. पट्टी ओली होऊ देऊ नये, चिकटली तर ओरबाडू नये. वास आला, सूज वाढली, ताप आला, बोटे गार, निळी किंवा बधिर पडली तर तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे. जखमेवर चुना, तंबाखू, शेण भरू नये. अंगारा-धुपारा तर आपण केव्हाच सोडला आहे. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रोज तळपाय पाहावेत, कारण त्या पायाची जखम पुष्कळदा दुखतच नाही आणि आतून वाढत जाते. पट्टी निघाल्यावर पाय बारीक दिसतो, कातडी निघते, टेकवायला भीती वाटते. तेव्हा डॉक्टर सांगतील तसे थोडे थोडे चालावे. भिक्खूंच्या आरोग्यासाठी चंक्रमणाची जागा असावी, ही विनंतीही तथागतांना जीवकानेच केली होती.

राजगृहाला गृध्रकूटाकडे जाताना जीवकाच्या आंबराईचे अवशेष लागतात. लंबगोल आकाराच्या मोठ्या दालनांचे पाये उत्खननात उघडे झाले आहेत. बिंबिसाराला कैदेत टाकणारा अजातशत्रू अस्वस्थ झाला तेव्हा जीवकच त्याला रात्री याच आंबराईत तथागतांकडे घेऊन आला. म्हणजे देहाचे दुखणे आणि मनाचे दुखणे, दोन्हींसाठी ती जागा होती. आपला विहारही तसाच असावा. वस्तीतल्या कुणाचे ऑपरेशन झाले तर त्याच्या घरी डबा कोण नेणार, ड्रेसिंगला रिक्षातून कोण नेणार, पट्टी सोडायच्या दिवशी सोबत कोण जाणार, याची यादी दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारातच ठरवू या. पहिल्या यादीत आमचे नाव लिहून घ्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!