वालाच्या दाण्यातले कुलूप

आमच्या वसईकडे वाल करायचे म्हणजे आदल्या दिवसापासूनची तयारी. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, मग बिरडे चांगले शिजवायचे. एवढा खटाटोप चवीसाठी तर खराच. पण वाल बाधू नयेत म्हणूनही, असे जुन्या बायका सांगत. या सांगण्यामागचे रसायन ज्यांनी प्रयोगशाळेत शोधले, त्यांत एक मराठी बाई होत्या. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी.

जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. बाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, कारण विचारले आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, आणि मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये.

बँकेतल्या नोकरीत माझ्या हातांखालून प्रोबेशनची पत्रे पुष्कळ गेली. असली अट एकाही पत्रात नव्हती. कमलाबाईंनी ती मानली. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलत राहिला. मग मानली का? मला वाटते, त्या दिवशी मान राखून परतणे सोपे होते. मान खाली घालून काम करून दाखवणे अवघड होते. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचे दार मुलींसाठी उघडले.

बंगळूरला श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. मग दिल्ली आणि कुन्नूर येथे नोकरी, १९४७ मध्ये विवाह, आणि मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

इथे त्यांनी वाल हाती घेतले. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम असते. अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करणारी ती कात्रीच. कच्च्या वालात या कात्रीला कुलूप घालणारे दुसरेच एक प्रथिन असते. किडीपासून बियांचे रक्षण करण्याची ही झाडाची युक्ती. वालातला आणि डबल बीमधला हा ट्रिप्सिनरोधक कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्फटिकरूपात वेगळा काढला. तो निबंध १९५५ साली ‘नेचर’मध्ये आला.

हे कुलूप इतके घट्ट कसे बसते? त्यासाठी संगणकाची वाट पाहावी लागली. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची घडी घातलेली माळ, आणि ती सतत हलत असते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा ताड वाऱ्यात पाहा. सबंध झाड संथ डोलते, पानांची टोके मात्र भराभर फडफडतात. अणू म्हणजे गोळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, असे मानून रेणूची अशी प्रत्येक हालचाल गणिताने वेगळी काढता येते. यालाच ‘नॉर्मल मोड’ म्हणतात. संथ हालचालींवरून कळते की रेणू कुठे सहज वाकेल; ताठर कंपनांवरून कळते की कुठे वाकवू गेल्यास ताण पडेल. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रथिनांवर असे गणित होऊ लागले, तेव्हा पहिल्या नमुन्यांत गुरांच्या स्वादुपिंडातला अवघ्या ५८ अमायनो आम्लांचा एक ट्रिप्सिनरोधकच होता. हे गणित करणाऱ्यांपैकी मार्टिन कारप्लस आणि मायकेल लेव्हिट यांना रेणूंच्या अशा संगणकीय अभ्यासासाठी २०१३ चे नोबेल मिळाले. वालातला रोधक कुळाने निराळा, पण काम तेच. ट्रिप्सिनच्या पात्यात शिरणारा त्याचा भाग मोठा ताठर असतो. पात्याला तो हवा तसा वाकवता येत नाही, म्हणून कापताही येत नाही. उष्णतेने घडी मोडली की कुलूप सुटते. चुलीवर हेच होत आले आहे.

कमलाबाईंचे लक्ष मात्र गरिबाच्या ताटावर राहिले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडमाडांच्या नीरेचा अभ्यास केला आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर स्त्रियांना ती उपयोगी पडते असे दाखवले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संचालकपद मात्र हक्काचे असून बराच काळ लांबले. पुढे ग्राहक चळवळीत शिरून त्यांनी अन्नातली भेसळ ओळखायच्या सोप्या परीक्षा घराघरांत पोहोचवल्या.

१९९८ च्या जून महिन्यात दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या. बंगळूरला दार अडवले गेल्याला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती. सत्कार उशिरा झाला. काम मात्र त्यांनी कधीच उशिरावर टाकले नव्हते.