सुब्रतो कपमागचे सुब्रतो

शाळेत असताना सुब्रतो कप म्हणजे आपल्याला फक्त आंतरशालेय फुटबॉल. हे सुब्रतो कोण, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

सुब्रतो मुखर्जींचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकात्यात झाला. मामा इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धातले वैमानिक. जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत १० विमानं पाडून ते धारातीर्थी पडले, अवघ्या १९व्या वर्षी. भाचा तेव्हा सात वर्षांचा होता. मोठेपणी त्यानंही तीच वाट धरली.

१९३२ मध्ये क्रॅनवेलहून कमिशन मिळालेल्या पहिल्या पाच भारतीय वैमानिकांत ते होते. वय २१. त्या पाचांतले दोघे लवकरच विमान अपघातात गेले. सुब्रतो वायव्य सरहद्दीवर वापिती विमानं उडवत राहिले. २८व्या वर्षी स्क्वाड्रनचे प्रमुख, ३२व्या वर्षी कोहाट तळाचे, आणि १ एप्रिल १९५४ रोजी, ४३व्या वर्षी, हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पत्नी शारदाबाई मराठी पंडित घराण्यातल्या. पुढे त्या आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या.

फुटबॉलचं सुब्रतोंना वेड. शाळकरी मुलांची ही स्पर्धा त्यांच्याच कल्पनेतून १९६० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला टोकियोत जेवताना घास अडकून त्यांचा मृत्यू झाला. इतकी वर्षं विमानांत काढलेला माणूस जेवणाच्या टेबलावर गेला, ४९व्या वर्षी.

आपल्यातले बरेच जण ते वय ओलांडून या मेळाव्याला आलो आहोत. शाळेचा संघ पुन्हा या स्पर्धेला निघेल, तेव्हा कपावरचं नाव कुणाचं, एवढं मुलांना सांगूया.